हात कोणाचा, नाव कोणाचे?

गेल्या वर्षी रमजानच्या तोंडावर आमच्या मोहल्ल्यातील मशिदीच्या भिंतीवर सेहरी-इफ्तारचे नवे वेळापत्रक लागले. निळ्या-सोनेरी वेलबुट्टीची चौकट होती आणि वर कमानीत वळणदार अरबी अक्षरे होती. एका होतकरू तरुणाने ते संगणकावर एका रात्रीत तयार केले होते. नमाजनंतर सर्वांनी ते वाखाणले. मीही त्याची पाठ थोपटली. गर्दी ओसरल्यावर मोहल्ल्यातील एक वयोवृद्ध कातिब त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मशिदीची वेळापत्रके आणि घरोघरचे दावतनामे वर्षानुवर्षे त्यांनीच लिहिलेले. ते शांतपणे एवढेच म्हणाले, "वळण माझेच आहे. पण लिहिले काय आहे, ते मात्र मला वाचता येत नाही."

विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला. त्या तरुणाने मशिदीच्या कपाटातील जुन्या वेळापत्रकांची चार छायाचित्रे काढून ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका प्रणालीला नमुना म्हणून दिली होती आणि 'याच धाटणीचे नवे चित्र कर' अशी आज्ञा केली होती. त्याच्या मनात कपट नव्हते. मशिदीचा खर्च वाचावा, एवढाच हेतू होता. तरीही त्या वृद्धाचे वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्यात दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरे आपण श्रद्धावंत म्हणून शोधली पाहिजेत.

प्रथम हे तंत्र समजून घेऊ. एखाद्या चित्रातील शैली वेगळी काढून ती दुसऱ्या चित्रावर चढवण्याची रीत संशोधकांनी 2015 मध्ये मांडली. आज ती कोणाच्याही मोबाइलवर उपलब्ध आहे. आपण दिलेले नमुना-चित्र यंत्र आकड्यांत रूपांतरित करते. रंगांचा मेळ, रेषेची जाडी, पोत आणि मांडणी या गुणांचा तो एक सांख्यिकी ठसा असतो. नवे चित्र घडवताना यंत्र त्या ठशाकडे झुकत राहते. किती झुकावे, हेही आपण ठरवू शकतो. मिडजर्नी नावाच्या प्रणालीत हे प्रमाण शून्यापासून 1000 पर्यंत ठेवता येते. मार्च 2025 मध्ये असंख्य कुटुंबांनी आपली छायाचित्रे जपानमधील स्टुडिओ जिबली या चित्रपटसंस्थेच्या धाटणीत बदलून घेतली, हे आपणास आठवत असेल. ज्या कलावंतांनी ती धाटणी हाताने, वर्षानुवर्षांच्या कष्टाने घडवली, त्यांना त्या दिवसांत कोणी काही विचारले नाही.

सजीवांच्या चित्रांविषयी उलेमांमध्ये जी चर्चा आणि जे मतभेद आहेत, ते या लेखाचा विषय नाहीत. ज्याने त्याने आपल्या विश्वासू आलिमांकडून त्याविषयी मार्गदर्शन घ्यावे. वेलबुट्टी, भूमितीय नक्षी आणि सुलेखन यांबद्दल असा वाद नाही. पण जे चित्र स्वतः निर्दोष आहे, ते मिळवण्याचा मार्गही निर्दोष असतोच, असे नाही.

कोणी म्हणेल, कायदा आड येत नाही, मग अडचण कोठे? भारताचा 1957 चा स्वामित्वहक्क कायदा प्रत्यक्ष कृतीचे रक्षण करतो, निव्वळ कल्पनेचे किंवा शैलीचे नाही. हे योग्यही आहे. शैलीवर मालकी प्रस्थापित झाली असती, तर कोणताही शागीर्द उस्तादाच्या वळणाने एक अलिफही लिहू शकला नसता. परंतु श्रद्धावंताचा हिशेब कायद्याच्या कलमाशी संपत नाही. सूरह अन्-नहलमध्ये (16:90) अल्लाहने न्यायाबरोबरच एहसानचा, म्हणजे न्यायाच्याही पुढे जाणाऱ्या सद्वर्तनाचा आदेश दिला आहे. न्यायालय जेथे थांबते, तेथून एहसान सुरू होतो.

आणखी एक आक्षेप अधिक विचारार्ह आहे. अनुकरण हा तर आपल्या सुलेखनकलेचा पायाच नव्हे काय? होय, निश्चितच आहे. बगदादचे इब्न मुकला यांनी नुक्त्याच्या मापाने अक्षरांचे प्रमाण बांधून दिले. पुढे इब्नुल बव्वाब आणि याकूत अल-मुस्तअसिमी यांनी ती परंपरा परिपूर्णतेला नेली. शागीर्द वर्षानुवर्षे उस्तादाचा नमुना समोर ठेवून मश्क करीत असे. पण या परंपरेचे दुसरे टोकही पाहा. शागीर्दाचा हात तयार झाला की उस्ताद त्याला इजाजत देत असे. ती मिळाल्यावरच तो आपल्या लेखनाखाली स्वतःचे नाव लिहू लागे. म्हणजे नमुना समोर होता, तसाच नमुना देणाराही समोर होता. अनुकरण उघड होते आणि ऋण मान्य होते.

या संदर्भात इब्नुल बव्वाब यांच्याविषयीचा एक प्रसंग मनन करण्यासारखा आहे. चरित्रकार याकूत अल-हमवी यांनी तो नोंदवला आहे. शिराझमध्ये बुवैही शासक बहाउद्दौला यांच्या ग्रंथालयात इब्न मुकला यांच्या हातचे कुरआनचे 29 खंड होते, तिसावा हरवला होता. इब्नुल बव्वाब यांनी तो खंड अशा कौशल्याने लिहून पूर्ण केला की, शासकाला 30 खंडांतून तो ओळखता आला नाही. पण वृत्तांत सांगतो की, त्यानंतर हे गुपितच राहावे असेही ठरले आणि तो संच इब्न मुकला यांच्याच हातचा म्हणून ठेवला गेला. हरवलेला भाग भरून काढणे ही सेवा होती. तो कोणाच्या हातचा आहे हे लपवणे, ही मात्र सेवा नव्हे. विशेष असे की, ही गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचली ती इब्नुल बव्वाब यांच्याच तोंडची म्हणून. श्रेष्ठ कलावंतालाही अखेर खरे सांगितल्याविना राहवत नाही, एवढा बोध आपण त्यातून घ्यावा.

यंत्राला कातिबाचा हात देण्याचे एक निराळे उदाहरणही आपल्याजवळ आहे. 1981 मध्ये नूरी नस्तालीक हा उर्दू संगणकीय टंक तयार झाला. त्यासाठी मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे 20,000 जोडाकार स्वतः लिहून दिले आणि त्या टंकाला आपल्या वडिलांचे, नूर अहमद यांचे नाव दिले. त्या टंकामुळे पुढे अनेक कातिबांचा रोजगार गेला, हे दुःख खरेच आहे. पण ज्याचा हात यंत्रात गेला, त्याने तो स्वेच्छेने दिला होता आणि नावही आपल्या पसंतीचे ठेवले होते. आमच्या मोहल्ल्यातील कातिबाला यांपैकी काहीच मिळाले नाही. त्यांना विचारलेही गेले नाही.

आता आपल्या कसोट्या पाहू. पवित्र कुरआनात सांगितले आहे की, प्रेषित शुऐब (अ.) यांनी मदयनच्या लोकांना मापात आणि वजनात प्रामाणिक राहण्यास सांगितले, त्याचबरोबर लोकांच्या वस्तूंमध्ये त्यांचे नुकसान न करण्याची ताकीद दिली (7:85). कारागिराचे श्रेय ही त्याची वस्तूच नव्हे काय? सूरह आले इमरानमध्ये (3:188) तर अशा लोकांना कठोर इशारा आहे, जे आपण न केलेल्या कामाबद्दल स्तुती व्हावी अशी इच्छा बाळगतात. ती आयत ज्या प्रसंगी अवतरली तो वेगळा होता, पण तिचा आरसा सर्वांसाठी आहे. स्वतःला न मिळालेल्या गोष्टीचा आव आणणाऱ्याला आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी असत्याची दोन वस्त्रे पांघरणाऱ्याची उपमा दिली आहे. जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही आभार मानत नाही, अशा आशयाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तो तरुण भिंतीजवळ उभा राहून स्तुती स्वीकारत होता आणि ती देणाऱ्यांत मीही होतो. ज्याला ती पोहोचायला हवी होती, तो मागच्या सफमध्ये बसला होता.

येथे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे की, सर्वच नमुने सारखे नसतात. शेकडो वर्षांपूर्वीच्या इमारतीवरील जाळीची नक्षी हा सर्वांचा वारसा आहे, तिच्यावर कोणाची रोजी अवलंबून नाही. हयात असलेल्या, त्याच कामावर घर चालवणाऱ्या माणसाचा हात हा वेगळा विषय आहे. या दोहोंमध्ये पुष्कळसा संदिग्ध प्रदेश आहे. हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे आणि संशयास्पद गोष्टींपासून दूर राहणाऱ्याने आपला धर्म व आपली प्रतिष्ठा जपली, ही शिकवण अशाच प्रदेशासाठी आहे.

राहिला वृद्ध कातिबांचा दुसरा प्रश्न: अक्षरे वाचता का येत नव्हती? कारण यंत्राने अक्षरांचे रूप उचलले होते, अक्षरे नव्हेत. चित्रे घडवणाऱ्या प्रणाली अनेकदा अरबी लिपीचा केवळ भास निर्माण करतात. नुक्ते चुकतात, अक्षरे अर्ध्यावर तुटतात, शब्दच उरत नाही. दुरून आयतीसारखे दिसणारे ते नक्षीकाम मुळात आयतच नसते. एरवी हा विनोदाचा विषय झाला असता, पण मशिदीच्या भिंतीवर तो गंभीर आहे. म्हणून कुरआनचे वचन वा अल्लाहचे नाव यंत्राकडून 'रेखाटून' घेऊ नये. ते जाणकाराने लिहावे किंवा तपासलेल्या टंकातून घ्यावे. चौकट हवी तर यंत्राची असू द्या.

आपली मुले ही साधने वापरणारच आहेत आणि त्यांना सरसकट मनाई करून काही साधणार नाही. त्यांना एवढे मात्र शिकवू या. नमुना देण्यापूर्वी विचारा, हा कोणाच्या श्रमाचा आहे? तो माणूस हयात असेल तर त्याची परवानगी घ्या. त्यातून कमाई होणार असेल तर त्याचा वाटा द्या. त्याने नकार दिला तर तो मान्य करा. आणि प्रत्येक वेळी, कोणी विचारो वा न विचारो, काम कोणाचे आणि यंत्राचा हात किती, हे सांगा.

दुसऱ्या दिवशी मी त्या तरुणाला घेऊन कातिबांच्या घरी गेलो. तो मान खाली घालून म्हणाला, "चाचा, मी विचारायला हवे होते." त्यांनी उत्तर दिले नाही. पाट पुढे ओढला, बोरू टोकला आणि कमानीत बसेल एवढी बिस्मिल्लाह लिहून दिली. मोबदला घेण्यास ते तयार नव्हते. मी आग्रहाने दिला, कारण तो त्यांचा हक्क होता, आमची मेहरबानी नव्हे. वेळापत्रक पुन्हा छापले गेले आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत त्यांचे नाव आले. ते वाचायला फार कोणी थांबत नाही. पण हिशेबाच्या दिवशी बारीक अक्षरेही वाचली जातील, याचे भान अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.