दुरुस्तीचे इमान

'दुरुस्त' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि इथलाच झाला. उर्दूत त्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. मोडलेली वस्तू पुन्हा चालू लागली की ती दुरुस्त झाली, आणि मुलाने बरोबर उत्तर दिले की तेही दुरुस्त. उर्दू माध्यमाच्या वर्गात मी हा शब्द दिवसातून कितीतरी वेळा उच्चारतो. कधी कधी मनात येते, 'चालू' आणि 'खरे' हे दोन अर्थ एकाच शब्दात का बरे आले असावेत? जे चालू झाले ते खरेही झाले, असे म्हणता येईल का?

या प्रश्नासाठी मी उदाहरण घेतो ते जुन्या, लाखो किलोमीटर धावलेल्या मर्सिडीजचे. शिक्षकाने मर्सिडीजवर लिहावे याचे कुणाला हसू येईल. परंतु नवी मर्सिडीज फक्त श्रीमंतांची असली, तरी जुनी मर्सिडीज मध्यमवर्गीयाच्याही हाताला लागू शकते. आणि नैतिक प्रश्न सुरू होतो तो तिथेच.

मर्सिडीज-बेंझ कंपनी १९९४ साली भारतात आली. १९९५ पासून पुण्याजवळ पिंपरीला टेल्कोच्या कारखान्यात तिच्या ई-क्लास गाड्या तयार होऊ लागल्या. जाणकार या मॉडेलला 'डब्ल्यू १२४' म्हणतात. जर्मनीत ते १९८४ च्या अखेरीस निघाले होते आणि एकूण पंचवीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या. दणकट, विश्वासू, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी गाडी असा तिचा लौकिक. पिंपरीहून निघालेल्या त्या गाड्यांना आता तीस वर्षे होत आली. धनिकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशा त्या उतरत गेल्या. गाडीची किंमत मालकागणिक उतरत जाते, पार्टची किंमत मात्र उतरत नाही. घेणाऱ्याने गाडी स्वस्तात घेतलेली असते, पण ती दुरुस्ती मागते ती महागड्या गाडीचीच. खरेदीचा कागद एकदाच होतो, मालकी मात्र दर महिन्याला नव्याने सिद्ध करावी लागते.

अशा गाडीत म्हातारे काय होते? लोखंड फार उशिरा थकते. आधी थकते ते रबर. सस्पेन्शनचे बुश, इंजिनची माउंटिंग, पाण्याचे होसपाइप, ऑइल सील हे सारे उन्हाने, उष्णतेने आणि वयाने कडक होते, तडकते. ठरल्या वेळी ऑइल बदलले, कुलंट बदलले, पाइप फुटण्याआधी नवा घातला, तर इंजिन लाखो किलोमीटर सोबत करते. एक पाइप फुटून पाणी वाहून गेले आणि चालकाने काट्याकडे पाहिले नाही, तर हेड गास्केट जाते आणि काही शेकड्यांचे काम हजारांत जाऊन बसते.

लौकिकाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात या कंपनीच्या अनेक गाड्यांच्या इंजिन-वायरिंगवर असे आवरण वापरले गेले, की ते इंजिनच्या उष्णतेने काही वर्षांतच ठिसूळ होऊन गळू लागले. ज्या गाडीच्या पोलादाची जगाने वाहवा केली, तिची नस अशी कच्ची निघाली. वरवर गाडी उभी चकचकीत आणि आत उघड्या तारा एकमेकींना भिडताहेत. नावावर विसंबून राहू नये, बॉनेट उघडून पाहावे, एवढा धडा यातून घ्यावा.

आता दुरुस्तीकडे येऊ. गॅरेजमध्ये दोन प्रकारची दुरुस्ती चालते. एक, जी दोष काढते. दुसरी, जी दोषाची खूण काढते. डॅशबोर्डवर धोक्याचा दिवा लागला आहे. त्याचे कारण शोधायला दिवस जाईल, पण दिव्याचा बल्ब काढायला पाच मिनिटे पुरतात. इंजिन तापते आहे, रेडिएटर साफ करायला हवा. त्याऐवजी थर्मोस्टॅटच काढून टाकला तर काटा खाली राहतो, गिऱ्हाईक खूश होते. पुढे ते इंजिन जरुरीपेक्षा थंड चालते, पेट्रोल जास्त खाते आणि लवकर झिजते. गाडी चालू झाली, पण दुरुस्त झाली नाही. उत्तर पाठीमागे पाहून लिहावे आणि गणित येऊ नये, तशातली गोष्ट.

याच जातीचा सर्वांत मोठा खोटेपणा म्हणजे किलोमीटरचा आकडा मागे फिरवणे. जुन्या गाड्यांत मीटरची केबल काढून ठेवली तरी गाडी धावत राहते आणि आकडा तिथेच थांबतो. नव्या गाड्यांत तेच काम यंत्र लावून होते. तीन लाख धावलेली गाडी नव्वद हजारांची म्हणून विकली जाते. नुकसान केवळ पैशांचे होत नाही. पुढचा मालक त्या आकड्यावर भरवसा ठेवून निगा ठरवतो, ब्रेक आणि बुश अजून तरुण आहेत असे समजतो आणि बायकोमुलांना घेऊन घाटात गाडी घालतो.

याच्या उलट एक उदाहरण आहे. ग्रीसमधील थेसालोनिकी शहरातल्या ग्रेगोरिओस साकिनिदिस या टॅक्सीचालकाची १९७६ ची मर्सिडीज २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर धावली. २००४ साली कंपनीने ती आपल्या संग्रहालयात घेतली. या प्रवासात त्याने तीन इंजिने आळीपाळीने वापरली. मग ती गाडी तीच राहिली का? प्लुटार्क या ग्रीक लेखकाने थिसियसच्या जहाजाची हकिगत लिहून ठेवली आहे. अथेन्सच्या लोकांनी त्याची कुजलेली फळी काढून नवी बसवावी, असे करीत ते जपले, आणि तत्त्वज्ञ वाद घालत बसले, हे जहाज तेच की दुसरे? आपल्याकडे आजीची गोधडी असते. तिला नातीच्या हातचे इतके तुकडे लागलेले असतात, की मूळचे लुगडे शोधावे लागते. तरी ती आजीचीच गोधडी. ठिगळ लपवलेले नसते, म्हणून कुणाला फसवल्यासारखे वाटत नाही. त्या टॅक्सीचेही तसेच. इंजिने बदलली हे उघड आहे, म्हणून ४६ लाखांचा आकडा आदराने सांगितला जातो. मला वाटते, वस्तूचे सातत्य तिच्या तुकड्यांपेक्षा तिच्या हिशेबात असते. काय झिजले, काय बदलले, कधी बदलले, हे खरे सांगता येते तोवर ती वस्तू तीच आहे.

पण प्रामाणिक हिशेब मांडायचा तर तो पुरता मांडावा. जुनी गाडी जपणे हे नेहमीच पुण्याचे काम असते असे नाही. या गाड्या प्रदूषणाच्या आजच्या नियमांआधीच्या आहेत. भारतात शिसेविरहित पेट्रोल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांची सुरुवातच चार महानगरांत १९९५ साली झाली. पैसे देऊन पीयूसीचा दाखला घेतला आणि धूर तसाच सोडला, तर मालकाच्या हौसेची किंमत सिग्नलपाशी उभे असलेले लेकरू आपल्या फुप्फुसाने देते. पंधरा वर्षांनंतर तपासणी होऊनच नोंदणी पुढे चालू राहते. त्या नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्ये मोटारींसाठी ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी आणखी वाढले. कुणाला हा जाच वाटतो. पण तपासणी खरी असेल, तर जुन्या वस्तूला विचारलेला तो रास्त प्रश्न आहे : तू अजून दुरुस्त आहेस का?

दुसरा हिशेब घरचा. मुलीची फी थकवून गिअरबॉक्स बांधणाऱ्याला मी निष्ठावान म्हणणार नाही. बोनेटवरच्या ताऱ्याने शेजारी दिपतील म्हणून घेतलेली आणि पैशाअभावी फाटक्या बुशवर चालवलेली गाडी हाही मागे फिरवलेला मीटरच. फक्त इथे आकडा माणसाच्या ऐपतीचा असतो.

तिसरा हिशेब उस्तादाचा. चांगला मेकॅनिक काढलेला पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात ठेवतो आणि 'यात आता पैसे घालू नका' हेही सांगतो. त्या एका वाक्याने तो आपलीच मजुरी बुडवतो. गाडी त्याच्याकडे सोडून आपण निघून जातो, तेव्हा ती त्याच्यापाशी अमानत असते. बंद बॉनेटखाली त्याने काय केले हे आपल्याला दिसत नाही. म्हणूनच त्याच्या हुनराइतकेच त्याचे इमान मोलाचे ठरते. आपण मात्र पार्टच्या बिलावर घासाघीस करीत नाही, मजुरीवर करतो. खरे सांगणाऱ्याला आपण कमी देतो आणि मग खोटे सांगणारे वाढले म्हणून हळहळतो.

तेव्हा गाडी किती जुनी, किती धावलेली, हा मला दुय्यम प्रश्न वाटतो. तीन लाख किलोमीटर हा काही कलंक नाही, तो तिने केलेल्या कामाचा आकडा आहे. पुढच्या मालकापासून, रस्त्यावर श्वास घेणाऱ्यांपासून आणि घरच्यांपासून काही न लपवता ती जपता येत असेल, तर जरूर जपावी. लपवल्याशिवाय जपता येत नसेल, तर भंगारात सन्मानाने द्यावी. तो निर्णयही दुरुस्तच म्हणायचा.