दुसरी किल्ली

ई-मेलच्या राज्यात एक नियम फार जुना आहे. ज्या संस्थेचा म्हणून स्वतःचा टपाल-सर्व्हर असेल, तिथे ‘पोस्टमास्टर’ या नावानं आलेलं पत्र घ्यायला कोणीतरी माणूस असलाच पाहिजे. 1982 साली हे नियम ठरले. त्याच वर्षी पत्र या यंत्रातून त्या यंत्रात कसं पोचवायचं याची रीत ज्या गृहस्थांनी लिहून काढली, त्यांचं नाव जोनाथन पोस्टेल. आडनावाला जागणारी माणसं अमेरिकेतही असतात.

तर आमच्या बँकेचा पोस्टमास्टर मी. 2009 साली मला मुख्य कचेरीतल्या संगणक विभागात बसवलं गेलं. पात्रता एकच. सगळ्या कारकुनांत रविवारी पैसे भरून कॉम्प्युटरचा क्लास केलेला मी एकटा सापडलो. बी. कॉम. झालेल्या माणसानं टपाल सांभाळावं हे विचित्र वाटेल. पण बँकेत कोण कुठे बसतो याचा त्याच्या शिक्षणाशी संबंध जोडू नये, असा दंडक आहे.

काम तसं बिनडोक. सकाळी पहिला फोन, ‘‘अहो, मेल जात नाही.’’ जात नाही, कारण पेटी भरलेली. पेटी भरलेली, कारण नातवाच्या बारशाचे फोटो. दुसरा फोन, ‘‘पासवर्ड विसरलो.’’ तिसरा फोन मात्र कुजबुजत्या आवाजात येतो, ‘‘चुकून गेलेलं पत्र परत बोलावता येतं का?’’ येतं, पण आपल्याच संस्थेतलं, आणि समोरच्यानं उघडलं नसेल तरच. नाहीतर त्याला वर आणखी एक चिठी मिळते की अमुक गृहस्थ आपलं पत्र मागे घेऊ इच्छितात. मग जे पत्र त्यानं जन्मात वाचलं नसतं, ते तो चष्मा पुसून दोनदा वाचतो.

आणि पुसलेलं पत्रही लगेच पुसलं जात नाही. सर्व्हर ते काही दिवस राखून ठेवतो, आमच्याकडे चौदा. माणसाच्या तेराव्यापेक्षा एक दिवस जास्तच.

इथवर गंमत. पण या नोकरीत एक काटा आहे. पोस्टमास्टरला कोणाचीही पेटी उघडता येते. स्वतःलाच ‘संपूर्ण अधिकार’ बहाल करणारी एक ओळ टाइप करायची, की झालं. वाचून झाल्यावर पत्र पुन्हा ‘न वाचलेलं’ करून ठेवायचीही सोय आहे. वाफेवर पाकीट उघडून परत डिंक लावणाऱ्या जुन्या मंडळींनी हे पाहिलं असतं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. कोणी काय उघडलं याची नोंद ठेवता येते म्हणा; पण ती ठेवायची की नाही, हे ठरवणार कोण? मीच. म्हणजे चित्रगुप्ताच्या खतावणीची चावी आरोपीच्या खिशात.

प्लेटोच्या एका ग्रंथात म्हणे एका मेंढपाळाची गोष्ट आहे. त्याला अदृश्य करणारी अंगठी मिळते आणि तो थेट राजवाड्यात शिरून राज्यच बळकावतो. प्रश्न असा की, कोणीच पाहत नसताना माणूस चांगला वागेल का? आम्हां कॉमर्सवाल्यांना प्लेटो परीक्षेला नव्हता, त्यामुळे तो आम्हांला नोकरीत भेटतो. मी कोणाची पेटी उघडली नाही हे खरं; पण त्यात सद्गुण किती आणि कंटाळा किती, हे मलाच सांगता येत नाही. ‘तिमाही विवरणपत्राबाबत चौथे स्मरणपत्र’ ही शंभर पत्रं न वाचणं यात कसलं पुण्य?

खरी परीक्षा एका मे महिन्यात झाली. जादा ठरलेल्या कारकुनांना जिल्ह्याबाहेर धाडणार, अशी वदंता उठली. यादी कर्मचारी विभागाच्या पेटीत असणार. घरी मुलीची शाळा, आईचं गुडघ्याचं दुखणं. सौ. म्हणाली, ‘‘नुसतं बघायचं. सांगायचं नाही कोणाला.’’ तीन रात्री झोप नव्हती. मी बघितलं नाही. याला मी तत्त्व म्हणतो, ती घाबरटपणा म्हणते. इतकी वर्षं झाली, निकाल लागलेला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. साहेब चहा पाजतात तेव्हा कारकुनानं सावध व्हावं. त्यांच्याविरुद्ध वरती एक निनावी अर्ज गेला होता. त्यांचा संशय विभागातल्या एका बाईंवर. ‘‘त्यांची पेटी जरा बघून सांगा. आपल्या आपल्यात.’’

मी म्हणालो, ‘‘लेखी द्या, साहेब.’’

ते म्हणाले, ‘‘सर्व्हर बँकेचा, वीज बँकेची, बाईंचा पगार बँकेचा. मग पत्रं कोणाची?’’

प्रश्न चोख होता. मी म्हटलं, ‘‘लॉकरसुद्धा बँकेचाच असतो, साहेब. आतले दागिने बँकेचे होतात का? तो फोडायचा तर आधी नोटीस, मग साक्षीदार, मग यादी. तिजोरीला दोन किल्ल्या, एक कॅशियरकडे, एक मॅनेजरकडे. शंभराची नोट काढायला दोन माणसं लागतात, आणि माणसाच्या मनातलं काढायला मी एकटा पुरेसा?’’

बँक मॅनेजरवर विश्वास ठेवत नाही आणि कॅशियरवरही ठेवत नाही. म्हणूनच तर लोक बँकेवर ठेवतात. पासवर्डचे दोन तुकडे करून दोन बंद पाकिटांत, दोघांकडे ठेवावेत, अशी सूचना मी पुढे लेखी केली. ती अजून विचाराधीन आहे. दरम्यान 24 ऑगस्ट 2017 रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ते कात्रण मी माझ्या सूचनेला टाचणीनं जोडलं. फाइल तेवढी जाड झाली.

पण मला छळतो तो वेगळाच प्रश्न. साहेबांनी त्या दिवशी खरंच लेखी दिलं असतं तर? मी पेटी उघडली असती. दोघांसमक्ष, वेळ लिहून, खाली सही घेऊन. मग माझी नीती म्हणजे नुसती पावती झाली की! हुकूम त्यांचा म्हणून ते पाप त्यांच्या नावे पडेलही, पण माझ्या खात्यात शिल्लक शून्य दाखवायची? ज्यानं आयुष्यभर दुहेरी नोंदी केल्या, त्याला हा ताळेबंद जुळवता येत नाही.

साहेबांनी लेखी दिलं नाही. चहाही परत दिला नाही. अर्ज कोणी केला ते कधीच कळलं नाही.

त्या बाई तीन वर्षांनी निवृत्त झाल्या. पेढे देत माझ्या टेबलापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘‘आमची सगळी पत्रं तुमच्याच हाताखालून जायची ना हो? कधी वाचलंत काही?’’

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, ‘‘एक अक्षर नाही, बाई.’’

त्यांचा चेहरा उतरला. ‘‘एकही नाही?’’ त्या म्हणाल्या. ‘‘नाशिकच्या मैत्रिणीला दर शुक्रवारी कविता पाठवायचे मी. तिनं कधी कळवलं नाही. मला आपलं वाटायचं, निदान तुम्ही तरी...’’