आखूड ओळ, अख्खं अक्षर

मामांनी आदिलाबादेत आयुष्यभर गणित शिकवलं. सिद्धता चार ओळींत बसली की तिच्याकडे ते कौतुकाने बघत राहतात. मी हैदराबादेत प्रोग्रॅम लिहिते. देखण्या कोडची ओढ मला त्यांच्याकडूनच आली. यंदा वाद झाला तो जावास्क्रिप्टच्या एका ओळीवरून. नावाच्या रकान्यात वीस अक्षरं ठेवायची आणि पुढची छाटायची, एवढंच तिचं काम.

"एकही शब्द जास्तीचा नाही. सुंदर!" मामा म्हणाले.

"पण ती अक्षरं मोजतच नाही, मामा. 'किती' दिलं तर चार सांगते: क, वेलांटी, त, वेलांटी. आणि गुंजाला गोंडी लिपीतला साधा 'अ' तिच्या लेखी दोन."

"अ दोन कसा?"

"१९९१ साली अक्षरांना क्रमांक देणारं युनिकोड आलं, तेव्हा सगळ्या लिप्या १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ जागांत मावतील असं धरलं होतं. जावास्क्रिप्ट अजून त्याच मापाने मोजते. आपल्या नारनूर मंडलातल्या गुंजाल्याच्या हस्तलिखितांची लिपी युनिकोडात आली २०१८ साली. तिच्या 'अ'चा क्रमांक ७३,०५६. जुन्या मापात तो बसेना, म्हणून त्याचे दोन तुकडे. कात्री त्यांच्या मधोमध पडली की पडद्यावर अक्षराच्या जागी चौकोन."

"मग गोंडीसाठी एक जर-तर घाल."

"मग इमोजीसाठी दुसरं, आणखी कशासाठी तिसरं. नुसती ठिगळं होतील."

"होऊ देत. तुझ्या सौंदर्यापायी कुणाचं नाव का कापायचं?"

याला उत्तर नव्हतं, असूही नये. पण मला एक वाट दिसत होती.

"मोजायचं काय, तेच बदलू. वाचणारा ज्याला एक अक्षर म्हणतो, ते मोजायचं. युनिकोडने त्याचे नियम आखलेत. 'किती' दोन, गोंडी 'अ' एक. ओळ आखूडच राहते, जर-तर एकही नाही."

"जर-तर गेलं नाही, पोरी. तुझ्या नजरेआड गेलं. कुणीतरी ते बसून लिहिलंच असेल."

"हो, भल्यामोठ्या तक्त्यांत. 'क्ष' एकच धरायचा नियम तर त्यात २०२३ साली आला."

"म्हणजे ओळ तुझी आणि कष्ट त्यांचे."

"पायथागोरसचं प्रमेय वापरताना तुम्ही तरी ते दर वेळी कुठे सिद्ध करता?"

"ते सिद्ध झालेलं आहे म्हणून करत नाही. तुझे तक्ते पुरे झालेत का?"

नाही झाले, त्यांत अजून भर पडतेच आहे. म्हणून मामांचं निम्मं म्हणणं मी घेतलं. तक्ता पुरतो तिथे आखूड ओळ लिहावी. पुरत नाही तिथे बेढब जर-तर खुशाल लिहावं आणि ते का लिहिलं याची टीप शेजारीच ठेवावी. अक्षर कापणारी ओळ मात्र कितीही नेटकी असली तरी मी तिला सुंदर म्हणणार नाही.

तुम्ही प्रोग्रॅम लिहीत असाल तर आपला कोड एकदा 'किती', 'क्ष' आणि गोंडी 'अ' देऊन तपासा.