गोट्यांची घागर

सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या पट्ट्यात, शिरपूर तालुक्यातल्या एका गावी एका शेतकऱ्याने नाल्याकाठच्या आपल्या रानात गोट्यांची खदान सुरू केली. वर पिवळी चिकण माती, तिच्याखाली वाळू आणि पाण्याने घासून गुळगुळीत झालेले गोटे. त्याने रीतसर परवाना काढला, पोकलेन आणली, चाळणी बसवली. माल मातीने माखलेला निघायचा, म्हणून बोअरच्या पाण्याने तो दिवसभर धुतला जायचा. धुवणाचे गढूळ पाणी शेजारच्या जुन्या, माल काढून झालेल्या खड्ड्यात सोडले जायचे.

खदानमालक मनाने वाईट नव्हता. कोणी विचारले तर म्हणायचा, "पाणी जमिनीतून घेतो, जमिनीलाच परत देतो. मग मी कोणाचं काय नेलं?"

पहिल्या वर्षी ते पाणी खड्ड्यात पडताच दिसेनासे व्हायचे. दुसऱ्या वर्षी दोन-दोन दिवस तुंबू लागले. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात खड्डा काठोकाठ भरला, पण पाणी मुरेना. पौषात शेजारच्या विहिरीचा तळ दिसला, आणि फाल्गुनात खदानीच्याच बोअरची मोटर हवा ओढू लागली. मालकाने बोअरची गाडी बोलावली. म्हणाला, "आणखी खोल जाऊ."

गाडी यायच्या आधी शेजारच्या विहिरीचे आबा आले. आयुष्यभर विहिरी खोदलेला माणूस. हातात एक मडके होते आणि मडक्याच्या बुडाला करंगळीएवढे भोक.

"भाऊ, यात तुझेच धुतलेले वाळू-गोटे भर. गच्च भर."

मालकाने भरले. आबांनी भोकावर बोट दाबून धरले. "आता पाणी ओत."

पाच तांब्यांचे मडके गोट्यांनी गळ्यापर्यंत भरलेले होते, तरी त्यात दीड तांब्या पाणी मावले. आबांनी बोट काढताच ते खळखळून बाहेर आले.

"ही आपली जमीन. गोट्यांच्या मधली ही जागा म्हणजे गावाची घागर. विहिरीला पाणी येतं ते इथूनच. आता तुझ्या खड्ड्यातलं पाणी ओत."

पहिला तांब्या आत गेला आणि खालून बराच निवळ होऊन आला. मालक हरखला. "बघा आबा, गोट्यांनी गाळून दिलं!"

"पाणी दिलं, पण गाळ ठेवून घेतला. ओतत राहा."

चौथ्या तांब्याला धार बारीक झाली. आठव्याला थेंब-थेंब पडू लागले. दहावा तांब्या वरच तुंबून राहिला. आबांनी स्वतःच्या पितळी तांब्यातले स्वच्छ पाणी त्यावर ओतले. तेही आत गेले नाही. मडक्याच्या काठावरून सांडून पायाशी वाहून गेले.

"उद्या पाऊस कितीही चांगला झाला, तरी असाच सांडून जाईल," आबा म्हणाले. "आठव, आपल्या तालुक्यात विहिरी कोरड्या पडल्या होत्या. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी इथं शिरपूर पॅटर्न उभा केला. केलं काय? नाले रुंद केले, खोल केले, ही पिवळी माती उपसून खालच्या वाळू-गोट्यांचं तोंड उघडलं, आणि बांध घालून पावसाचं पाणी त्यावर थोपवलं. त्यांनी माती काढून जे तोंड उघडलं, तेच तू माती ओतून बुजवतोयस. बोअर खोल नेशील, पण वरून भरणंच बंद झालं तर खोल किती दिवस पुरेल?"

मालक बराच वेळ मडक्याकडे बघत राहिला. मग त्याने फोन करून बोअरची गाडी परत पाठवली.

त्याने एकाखाली एक असे तीन हौद खणले. त्यांच्या तळाला तीच पिवळी माती चोपून बसवली, म्हणजे गढूळ पाणी खाली झिरपणार नाही. पहिल्या हौदात वाळू बसायची, दुसऱ्यात गाळ, तिसऱ्यातले निवळ पाणी पुन्हा धुण्याला यायचे. बोअरमधून फक्त तूट भरायची. खोदाई पाण्याच्या पातळीच्या बरीच वर थांबवली, कारण उघडे पडलेले पाणी खानदेशच्या उन्हात आटते आणि त्यात सांडलेले तेल थेट विहिरीत पोचते. डिझेल भरण्याची जागा दूर, पक्क्या फरशीवर नेली. जुन्या खड्ड्याच्या तळाचा लगदा गोटे दिसेपर्यंत खरवडून काढला आणि त्यात फक्त निवळलेले पावसाचे पाणी जाईल असा बांध घातला. दर पौर्णिमेला तो आबांच्या विहिरीत दोरी सोडून पाणी मोजायचा आणि वहीत लिहून ठेवायचा.

पहिल्या पावसाळ्यानंतर दोरीत फारसा फरक पडला नाही. आबा म्हणाले, "तीन वर्षांचं बुजलेलं एका वर्षात कसं मोकळं होईल?" दुसऱ्या वर्षी होळीच्या दिवशी मालकाने दोरी सोडली. मागच्या होळीच्या खुणेच्या कितीतरी आधीच ती पाण्याला टेकली. त्याने दोरी वर ओढली, ओला भाग मुठीत धरला आणि काही न बोलता आबांच्या हातात दिला.

तात्पर्य : जमिनीतून घेतलेले पाणी निवळ करून परत दिले तरच ते परत दिले म्हणायचे. गोटे आपल्या रानातले असतील, पण त्यांच्या मधली जागा साऱ्या गावाची असते.