कूस बदलण्याचा पुरावा

संशोधनाचे निष्कर्ष, परिचारिकेचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा या तिन्हींचा मेळ घालून केलेल्या शुश्रूषेला पुराव्याधिष्ठित परिचर्या म्हणतात. तिने रुग्णाचे खरोखर भले होते का, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. एखादी कृती कोणत्या परिस्थितीत, कशाच्या तुलनेत आणि कोणत्या मापाने पारखली गेली हे पाहिले, तरच उत्तराला अर्थ येतो. अशा पारखीसाठी शय्याव्रणाचे उदाहरण फार बोलके आहे. रुग्ण दीर्घकाळ एकाच स्थितीत पडून राहिला की माकडहाड, खुबा, टाच अशा ठिकाणी दाबामुळे रक्तपुरवठा खुंटतो, त्वचा व तिच्याखालच्या पेशी मरू लागतात, आणि जी जखम होते ती भरून यायला कित्येकदा महिने लागतात.

या जखमेवर प्रतिबंध म्हणून हाडांच्या उंचवट्यांवर स्पिरिट चोळणे, मालिश करणे, लेप लावणे असे उपाय परिचारिका पिढ्यान्‌पिढ्या मनोभावे करीत आल्या. इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून असे दिसले की फरक पडतो तो लेपांनी नव्हे, तर नियमितपणे कूस बदलून दाब हलका केल्याने. पुराव्याचे पहिले देणे हेच मानावे लागेल: निष्फळ कामात खर्च होणारे कष्ट त्याने उपयुक्त कामाकडे वळवले.

परंतु पुढे ‘दर दोन तासांनी कूस बदला’ हा नियमच रूढी बनला. नॅन्सी बर्गस्ट्रॉम व सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिका व कॅनडातील शुश्रूषागृहांमधील ९४२ वृद्धांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागले आणि तीन आठवडे अनुक्रमे दोन, तीन व चार तासांनी त्यांची कूस बदलली. नव्या जखमा एकूण सुमारे २ टक्के वृद्धांनाच झाल्या, आणि तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ज्या वृद्धाला रात्रभर दर दोन तासांनी जागे केले जाते, त्याच्या झोपेच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा आहे. मात्र हे सर्वजण उच्च घनतेच्या फोमच्या गाद्यांवर होते आणि प्रत्येक वेळी त्वचेची पाहणी व नोंद होत होती, हे विसरून केवळ ‘चार तास चालतात’ एवढेच उचलले, तर पुराव्याच्या नावाखाली रुग्णाला इजाच होईल.

मोजमापाचा प्रश्न याहून नाजूक आहे. नॉर्टन यांनी शारीरिक अवस्था, मनःस्थिती, वावर, हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना गुण देऊन धोका ओळखणारी श्रेणी तयार केली, आणि नंतर तशा अनेक श्रेणी आल्या. तरीही ब्रिस्बेन येथील १२३१ रुग्णांच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशा श्रेणी वापरल्याने परिचारिकेच्या स्वतःच्या निर्णयापेक्षा जखमा कमी झाल्याचे दिसले नाही. तक्ता भरला गेला म्हणजे काळजी घेतली गेली, असे मानणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापनाने या निष्कर्षाकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे, कारण धोका ओळखल्यानंतर कूस बदलायला हात मोकळे नसतील तर गुणांकनाने त्वचा वाचत नाही.

महाराष्ट्रातील सार्वजनिक रुग्णालयांत तर रुग्णाला वळवणारे हात अनेकदा पत्नीचे, मुलाचे किंवा सुनेचे असतात. तेथे या उपायाचे मूल्यमापन करायचे असेल, तर वेळापत्रकाबरोबरच त्या नातेवाइकाला, रुग्णाला चादरीवरून फरफटत न नेता उचलून कसे वळवावे आणि दाबल्यावरही न फिकटणारा लाल डाग कसा ओळखावा, हे कोणी व केव्हा शिकवले, याचीही नोंद घ्यावी लागेल.