न दिसणारी तूट

कॅन्सरच्या किरणोपचाराला आपल्याकडच्या खेड्यांत 'लाईट घेणं' म्हणतात, नाहीतर 'शेक'. दोन्ही शब्द फसवे आहेत. टेबलावर निजलेल्या बाईला ना उजेड दिसतो, ना ऊब लागते. यंत्र काही वेळ घुमतं, थांबतं, आणि ती पदर सावरत बाहेर येते. आज आपल्याला किती मिळालं, हे कळायचा तिच्यापाशी काहीच मार्ग नसतो. औषधाच्या गोळ्या निदान मोजता येतात.

म्हणून हा हिशोब दुसऱ्यांनी ठेवावा लागतो. १९८३ साली स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ परवाना देतं आणि किरण-सुरक्षा अधिकारी नेमायला लावतं. भौतिकतज्ज्ञ सकाळी पहिला पेशंट आत घेण्याआधी यंत्राचा मारा तपासतो. शिवाय टपालाने होणारी एक परीक्षा असते. किरण साठवून ठेवणारी भुकटी भरलेली कुपी रुग्णालयात येते. तिला ठरलेली मात्रा द्यायची आणि ती तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडे परत पाठवायची. तिथलं मापन आणि रुग्णालयाचा दावा ५ टक्क्यांच्या आत जुळले तर ठीक, नाहीतर शोधाशोध सुरू.

हा काटेकोरपणा हौसेचा नाही. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या एका रुग्णालयात १९८२ ते १९९१ या काळात सुमारे हजार पेशंटांना ठरल्यापेक्षा कमी किरण मिळाले. काहींना तर ३५ टक्क्यांपर्यंत कमी. अंतराची दुरुस्ती संगणक आपोआप करत होता आणि माणसंही तीच दुरुस्ती पुन्हा हाताने करत होती. नवी संगणक-प्रणाली आली तेव्हा कुठे ते उघड झालं. नऊ वर्षं कुणाला शंका कशी आली नाही? कारण जास्त मात्रा कातडीवर उमटते, कमी मात्रा कुठेच दिसत नाही. गाठ परत आली तर आजारच वाईट होता म्हणायचं.

सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातल्या मेढ्यासारख्या गावच्या पेशंटांच्या बाबतीत मला ही न दिसणारी तूटच महत्त्वाची वाटते, आणि तिचं मूळ यंत्रात नाही.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे बाहेरून आणि आतून द्यायचे सगळे किरण आठ आठवड्यांत संपायला हवेत. त्यापुढे लांबणाऱ्या प्रत्येक दिवसाला गाठ आटोक्यात येण्याची शक्यता अर्धा ते एक टक्क्याने घटते, असं अभ्यास सांगतात. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये खंड याहून महाग पडतो. आता जावळी तालुका डोळ्यांसमोर आणा. कोयनेच्या पाण्याकडेची बामणोलीची बाजू, जुलैचा पाऊस, अंगावर आलेली भातलावण, नवरा किंवा मुलगा मुंबईत माथाडी. आठवड्यातले पाच दिवस, पाच-सहा आठवडे, बरोबर यायचं कुणी? मध्येच चार दिवस चुकतात. यंत्र ५ टक्क्यांनी चुकलं तर चौकशी होते. इथे मात्र कागदावर 'पेशंट आला नाही' एवढंच उरतं. त्या वाक्यात दोष कुणाचा हे परस्पर ठरून गेलेलं असतं. (यंत्र बंद पडल्यामुळे चुकलेला दिवससुद्धा गाठीच्या लेखी तसाच चुकलेला असतो, हे जाता जाता.)

पूर्वी किरणांसाठी परळच्या टाटाला जावं लागे. हाल होते, पण एकदा गेलं की माणूस उपचार संपेपर्यंत तिथेच राही; दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा कितीतरी घरांचा आधार झाली. आता साताऱ्यालगत, कराडला, मिरजेला यंत्रं आली. हे चांगलंच झालं. पण सोय जवळ आली तसा मुक्काम सुटला आणि रोजची ये-जा आली. महिलांना २०२३पासून एसटीत निम्मं तिकीट आहे. तरी किरणांनी आलेली जुलाब-मळमळ घेऊन घाटरस्त्याने रोज बसून दाखवावं.

ब्रिटनमधल्या रेडिऑलॉजिस्टांच्या रॉयल कॉलेजने उपचार लांबण्याबाबत मानक घालून दिलं आहे: वेगाने वाढणाऱ्या गाठींचा उपचार ठरल्यापेक्षा दोन दिवसांहून जास्त लांबू नये, खंड पडलाच तर शनिवारी किंवा एकाच दिवशी दोन बैठका देऊन तो भरून काढावा. त्या दोन बैठकांमध्ये मात्र किमान सहा तास हवेत. म्हणजे मेढ्याहून आलेल्या बाईने सकाळची बैठक आटोपून संध्याकाळपर्यंत कुठे थांबायचं, आणि परतीची शेवटची गाडी चुकली तर निजायचं कुठे? इथे रुग्णालयालगतची एक स्वच्छ खोली आणि दोन वेळची भाकरी ही दयेची बाब राहत नाही; मात्रा मोजणाऱ्या उपकरणाइतकीच ती गुणवत्तेची सामग्री होते. तपासणीला येणाऱ्यांनी तिचीही नोंद मागावी.

यावर रुग्णालयं म्हणतील, पेशंटच्या घरची अडचण आमच्या मानकांत कशाला? पण गाठीला कारण कळत नाही, तिला फक्त दिवस कळतात. पहिल्या आणि शेवटच्या बैठकीची तारीख केसपेपरवर असतेच. मधली वजाबाकी करून वर्षाअखेर ती तक्त्यात मांडायला तुर्भ्याला कुपी पाठवावी लागत नाही.