सातबाऱ्यावर नसलेले वहिवाटदार

आमची जमीन प्रवरेच्या काठाला, संगमनेरच्या खालच्या अंगाला. पाच एकर, त्यातला सव्वा एकर घळीत. सातबाऱ्यावर तो पोटखराबा. हा भाग पाहिलेल्याला घळी सांगायला नकोत. नदीकाठानं पिवळट मातीचे कडे, मधे तीन-तीन पुरुष खोल चिरा, त्यात बाभळी, बोरी आणि गवत. शेळी हरवली की घळीत शोधायची, आणि वडलांचा मार चुकवायचा असला की आपणही तिथंच लपायचं.

2005 च्या उन्हाळ्यात मी ती घळ बुजवली. जेसीबी लावला, अकरा दिवसांत कडे पाडून रान एकसारखं केलं. पुढच्या साली तिथं ऊस उभा होता. घरात सगळे खूश, मीही.

कडा पाडताना खाली गोट्यांचा थर लागला. अनवाणी फिरत होतो, टाचेला काहीतरी कापलं. उचलून पाहिलं तर तांबूस गारेची चिलपी, एका अंगानं पात्यासारखी धार. पुरातत्त्व शिकणाऱ्या एका पोराला दाखवली. तो म्हणाला, "काका, ही आपोआप फुटलेली नाही. माणसानं काढलीय. शेती यायच्या फार आधीची."

तिथून वाचायचा नाद लागला. शाळा दहावीपर्यंतच झाली, पण वाचायला कोण अडवतं? जोर्वे आमच्याच तालुक्यातलं. तिथं 1950-51 मध्ये सांकलिया आणि देव या संशोधकांनी उत्खनन केलं. निघाली ती तीन हजार वर्षांहून जुनी शेतकरी वस्ती, म्हणजे आमचेच भाऊबंद. पण याच प्रवरेच्या काठी, खाली नेवाशाला, गोट्यांच्या थरांत शिकारी माणसांची दगडी हत्यारं मिळाली. ती जोर्व्याच्या कितीतरी पिढ्या आधीची. तिकडं चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला तर शहामृगाच्या अंड्याच्या कवचीचे मणी सापडले, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचे. शहामृग म्हणजे उघडा माळ आलाच.

हे वाचून आधी मला लाजच वाटली. वाटलं, या लोकांनी हजारो वर्षं धरणीला धक्का लावला नाही आणि आपण अकरा दिवसांत वाट लावली. पण पुढं वाचलं तसं कळलं, की तेही गप बसलेले नव्हते. जर्मनीत नॉयमार्क-नॉर्ड म्हणून जागा आहे. तिथं सव्वा लाख वर्षांपूर्वी तळ्याकाठी निअँडरथल माणसं राहायची. आजूबाजूला दाट झाडी, पण त्यांच्या वस्तीभोवती सुमारे दोन हजार वर्षं रान मोकळं राहिलं, आणि तिथल्या गाळात कोळसा आहे. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातले मार्तू लोक घोरपड धरायला गवताचे तुकडे तुकडे पेटवायचे. 1960 च्या दशकात ते तिथून हलले, आणि मग लागलेले वणवे फार मोठे झाले. म्हणजे माणूस आहे तिथं रान जसंच्या तसं राहिलेलं नाही. मग पाप कशात आहे?

यावर विचार करताना मला एक म्हातारबाबा आठवतात. भिल्ल होते. आमच्या घळीत बोरं, डिंक, ससा, जे मिळेल त्याला यायचे. शिमग्याच्या सुमाराला एखाद्या दरडीच्या वाळल्या गवताला काडी लावायचे. ससे बाहेर निघायचे आणि पावसाळ्यात तिथं कोवळं गवत यायचं. वडील त्यांच्यावर ओरडायचे. ते शांतपणे म्हणायचे, "समदी नाय जाळत, पाटील. समोरची दरड फुडच्या साली."

ते काही साधू नव्हते. पोटासाठी जाळायचे, जाळात पाखरांची घरटीही जात असतील. पण त्यांना पुढच्या साली त्याच घळीत खायला यायचं होतं. चूक झाली असती तर ती त्यांच्याच ताटात पडली असती. माझं तसं नव्हतं. घळीतला ससा गेला तरी माझी भाकरी कमी होणार नव्हती. ज्याची भाकरी कमी होणार होती, त्याला मी विचारलंच नाही.

जेसीबी चालू होता तेव्हा ते काठावर येऊन उभे राहिले. म्हणाले, "भाऊ, आता आमी कुठं यायचं?"

मी हसून म्हणालो, "या की, उसाला पाणी धरायला."

ते काही बोलले नाहीत. परत आलेही नाहीत. माझं नाव सातबाऱ्यावर होतं, त्यांचं नव्हतं, एवढाच काय तो फरक. वहिवाट बघितली तर त्यांचीच जुनी.

उसाचा पैसा वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यावर मुलीचं नर्सिंगचं शिक्षण झालं. उपाशी माणसाला रान राखायला सांगणं सोपं असतं, सांगणारा जेवलेला असतो. पण रानात हात घालणाऱ्यानं दोन गोष्टी बघाव्यात असं मला आता वाटतं. जे केलं त्याचं पुढं काय होतं ते बघायला आपण तिथं असणार आहोत का? आणि समोरची दरड शिल्लक ठेवली का?

मी ठेवली नव्हती. पाण्यानं मात्र घळ लक्षात ठेवली. चार-पाच पावसाळ्यांनी भराव खचला आणि माती वाहून खालच्या चुलतभावाच्या कांद्यात गेली. भरपाई दिली, बोलणं सुरू व्हायला वर्ष लागलं. आता तिथं पुन्हा चीर पडलीय, कडेला बाभळी उगवल्यात. मुलगा म्हणतो, "अण्णा, मशीन बोलावू, दोन दिवसांचं काम." मी म्हटलं, "राहू दे. वरचा अर्धा एकर तू कर, खालचा तसाच सोड." तो नाराज आहे. त्याचाही हिशोब खोटा नाही.

ती चिलपी कपाटात सातबाऱ्याच्या कागदांवर ठेवलेली असते. परवा नातीनं ती काढली आणि तिनं कैरी चिरली. अजून धार आहे.